मिठापासून वीजसाठा : तंत्र कोणाचे, लाभ कोणाला?

(सदाशिव पेठेतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता रसायनशास्त्राचा आहे. लिथियमच्या बॅटरीनंतर कोणती बॅटरी येणार, ती कोणत्या पदार्थांची असणार, हे प्रयोगशाळेतील मंडळींनी पाहावे, कार्यकर्त्यांनी त्यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु कोळसा आणि खनिज तेल यांच्या जागी सूर्याची व वाऱ्याची वीज आणण्याचे बेत आज जवळजवळ सर्व सरकारे आखीत आहेत. सूर्य संध्याकाळी मावळतो आणि वारा कोणाच्या हुकमाने वाहत नाही. म्हणून वीज साठविण्याचे साधन ज्याच्या हाती राहील, त्याच्याच हाती उद्याच्या शेतीची, वाहतुकीची आणि कारखानदारीची किल्ली राहील. एकदा ही गोष्ट ध्यानात घेतली की प्रश्न केवळ रसायनशास्त्राचा उरत नाही. तो उत्पादनसाधनांच्या मालकीचा होतो, आणि मालकीचा प्रश्न हा कार्यकर्त्याच्या अभ्यासाचा विषय आहेच.

पेठेतले चित्र

हा वर्ग ज्या पेठेत भरला आहे तिच्याकडेच प्रथम पाहावे. सदाशिव पेठेतील जुने वाडे बहुतांशी पडले. त्यांच्या जागी इमारती आल्या, आणि ज्या अंगणात तुळशीवृंदावन होते तेथे दुचाक्या दाटीने उभ्या राहिल्या. त्यांत आता विजेवर चालणाऱ्या दुचाक्याही आहेत. ज्याच्या इमारतीत स्वतःची जागा आणि स्वतःचा मीटर आहे त्याला त्या सोयीच्या आहेत. ज्या भाडेकरूची खोली दुसऱ्या मजल्यावर आणि गाडी रस्त्यावर, त्याला नाहीत. याच पेठेत स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेले हजारो तरुण अभ्यासिकांमध्ये बसलेले असतात. वीज गेली तरी त्यांच्या डोक्यावरचे दिवे चालू राहतात, कारण कोपऱ्यात इन्व्हर्टर आणि त्याला जोडलेली शिशाची बॅटरी असते.

ही शिशाची बॅटरी गरिबाची बॅटरी आहे. ती स्वस्त आहे, कोठेही दुरुस्त होते आणि मोडीतही विकली जाते. परंतु त्या मोडीचे पुढे काय होते? कितीतरी ठिकाणी ती उघड्यावर फोडली जाते, आम्ल जमिनीत मुरते, शिसे भट्टीत वितळते आणि त्याचा धूर आसपासच्या वस्तीतील मुलांच्या रक्तात उतरतो. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा अंदाज असा होता की जगातील प्रत्येक तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे. त्यांतील सर्वाधिक मुले भारतात आहेत. शिशाच्या विषबाधेचे एक मोठे कारण बॅटरीची अशी बेकायदा मोडतोड हे होय.

दुसरीकडे लिथियमची बॅटरी. मार्च २०२२ मध्ये पुण्यातच रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतल्याची दृश्ये साऱ्या देशाने पाहिली. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक करण्यात आले. तात्पर्य, जुनी बॅटरी विष पसरवते आणि नवी महाग पडते. म्हणून तिसऱ्या पर्यायाचा शोध हा चैनीचा विषय नाही.

लिथियमचे यश आणि त्याची किंमत

बॅटरीचे तत्त्व सोपे आहे. एक धनध्रुव, एक ऋणध्रुव आणि दोहोंच्यामध्ये क्षारयुक्त द्रव. बॅटरी भरताना धातूचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, धनध्रुवाच्या पदार्थातून निघून द्रवातून ऋणध्रुवाच्या पदार्थात जाऊन बसतात. वापरताना ते परत येतात, आणि त्यांच्या जोडीचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून वाहून आपले काम करून देतात. लिथियम हा सर्वांत हलका धातू असल्यामुळे थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा साठते. शिशाच्या बॅटरीत किलोमागे तीस ते चाळीस वॅट-तास वीज मावते. लिथियमच्या उत्तम घटांत अडीचशेच्या आसपास.

हे तंत्र एका माणसाचे नव्हे. १९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, १९८० साली ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ, आणि १९८५ साली जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी त्याच्या एकेक पायऱ्या बांधल्या. १९९१ साली सोनी कंपनीने ते बाजारात आणले आणि २०१९ साली या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९९७ साली गुडइनफ यांच्या टेक्सासमधील प्रयोगशाळेतून लोह आणि फॉस्फेट यांचा स्वस्त धनध्रुव जगापुढे आला. त्या शोधनिबंधावर अक्षय पाधी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत. बुद्धी येथली, प्रयोगशाळा अमेरिकेतली आणि कारखाने अखेर उभे राहिले ते चीनमध्ये. या एका पदार्थाच्या प्रवासात आपल्या विज्ञानधोरणाची सारी कथा सामावली आहे.

आज जगात विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक चीनमध्ये तयार होतात. ऋणध्रुवाला लागणाऱ्या ग्रॅफाइटच्या शुद्धीकरणावरही त्याच देशाची जवळजवळ मक्तेदारी आहे. डिसेंबर २०२३ पासून त्याच्या निर्यातीवर चीनने परवान्याचे बंधन घातले. कोबाल्टपैकी सुमारे सत्तर टक्के एकट्या काँगोतून येते. तेथे हातांनी खणल्या जाणाऱ्या खाणींत लहान मुलेही राबतात, हे मानवी हक्क संघटनांनी पुनःपुन्हा दाखवून दिले आहे. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीला कोबाल्ट लागत नाही हे खरे. परंतु लिथियम लागतेच, आणि ते प्रामुख्याने ऑस्ट्रेलिया, चिली, चीन, अर्जेंटिना अशा मोजक्या देशांतून येते.

भारतापाशी काय आहे? फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरमधील रियासी जिल्ह्यात सलाल-हैमाना येथे ५९ लाख टन लिथियम-साठ्याची घोषणा झाली आणि वृत्तपत्रांनी देश श्रीमंत झाल्याचे मथळे दिले. वस्तुतः तो अनुमानित साठा होता. लिलाव पुकारला तेव्हा पुरेसे बोलीदारच पुढे आले नाहीत आणि तो रद्द करावा लागला. जमिनीखाली खनिज असणे, ते परवडेल अशा रीतीने काढता येणे आणि त्यापासून शुद्ध पदार्थ बनविता येणे या तीन अगदी भिन्न गोष्टी आहेत. जानेवारी २०२४ मध्ये एका सरकारी कंपनीमार्फत अर्जेंटिनातील कातामार्का प्रांतात लिथियमच्या शोधासाठी पाच क्षेत्रे घेण्यात आली. ते आवश्यक असेल. परंतु तेलासाठी आखातावर अवलंबून असलेल्या देशाने उद्या लिथियमसाठी दक्षिण अमेरिकेवर अवलंबून राहावे, याला स्वावलंबन म्हणता येणार नाही.

सोडियम काय देतो, काय देत नाही

लिथियमच्या खालोखाल त्याच कुळातला धातू म्हणजे सोडियम. घरोघरी असलेल्या मिठात तो असतो. पृथ्वीच्या कवचात तो लिथियमच्या हजारपटीहून अधिक आहे, आणि ज्या देशाला हजारो किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे त्याला तो कोणाकडे मागावा लागणार नाही. सोडियमचा आणखी एक गुण असा की तो ॲल्युमिनियमशी संयोग पावत नाही. लिथियमच्या बॅटरीत ऋणध्रुवाला तांब्याचा पत्रा लागतो. सोडियमच्या बॅटरीत दोन्हीकडे ॲल्युमिनियम चालते. शिवाय ती पूर्ण रिकामी करून नेता-आणता येते, त्यामुळे वाहतुकीतील धोका कमी होतो. थंडीतही ती तितकीशी मलूल होत नाही.

परंतु गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. सोडियमचा अणू लिथियमच्या तिपटीहून अधिक जड आणि त्याचा आयन आकाराने मोठा. शिवाय त्याचे विद्युतदाबही थोडे कमी. म्हणून तेवढ्याच विजेसाठी बॅटरी जड आणि मोठी होते. लांब पल्ल्याच्या मोटारीला हा दोष नडतो. परंतु महावितरणच्या उपकेंद्राशेजारी उभ्या केलेल्या साठवणघराला, गावच्या पाणीपुरवठ्याच्या पंपाला, रिक्षाला आणि अभ्यासिकेच्या कोपऱ्यातील इन्व्हर्टरला वजनाचे एवढे वावडे कशाला? ज्या गरजा सामान्य माणसाच्या आहेत, नेमक्या त्याच गरजांना हे तंत्र मानवते. दुसरेही एक सत्य सांगावे लागेल. यातील द्रव अद्याप ज्वालाग्राही सेंद्रिय द्रावणच असतो. सोडियमची बॅटरी पेट घेणारच नाही असे जो सांगेल तो विक्रेता असेल, शास्त्रज्ञ नव्हे.

पदार्थांची परीक्षा

सारे संशोधन तीन पदार्थांभोवती फिरते. पहिला ऋणध्रुवाचा. लिथियमसाठी वापरले जाणारे ग्रॅफाइट सोडियमला आपल्या थरांत नीट सामावून घेत नाही. त्यासाठी ‘हार्ड कार्बन’ नावाचा, थर अस्ताव्यस्त पडलेला आणि सूक्ष्म पोकळ्या असलेला कार्बन लागतो. २००० साली कॅनडातील स्टीव्हन्स आणि डान या संशोधकांनी तो ग्लुकोज जाळून केला होता, म्हणजे साखरेपासूनच. आज तो नारळाच्या करवंटीपासून, बांबूपासून, शेतातील टाकाऊ भागांपासून करता येतो. साखर कारखान्यांच्या या महाराष्ट्राला यात उसाचे चिपाड दिसावे हे स्वाभाविक आहे. परंतु येथेही घाईने उड्या मारण्यात अर्थ नाही. चिपाड आज कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळून वीज देते. त्यात सिलिका पुष्कळ असते, ती धुऊन काढावी लागते. आणि हजार अंशांहून अधिक तापमानात भाजल्यावर मूळ वजनाचा लहानसा हिस्साच उरतो. चांगला हार्ड कार्बन सतत त्याच प्रतीचा मिळत राहणे ही या बॅटरीपुढची सर्वांत कठीण अडचण आहे.

दुसरा पदार्थ धनध्रुवाचा. त्याची तीन घराणी आहेत. एक मँगनीज, लोह, निकेल यांच्या थरांच्या ऑक्साइडांचे. त्यात ऊर्जा अधिक मावते, पण ते हवेतील दमटपणा सोसत नाही. दुसरे फॉस्फेटवर्गीय पदार्थांचे. ते मजबूत आणि दीर्घायुषी, पण त्यांत बहुधा व्हॅनेडियम लागते आणि ते महाग आहे. तिसरे प्रशियन ब्लू या रंगाचे. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये सापडलेला आणि पुढे वास्तुकारांच्या नकाशांच्या निळ्या प्रतींत उतरलेला हा लोहाचा रंग आपल्या जाळीदार रचनेत सोडियमला सहज जागा देतो. मात्र त्याच जाळीत पाणीही जाऊन बसते, आणि ते काढणे सोपे नाही. तिसरा पदार्थ म्हणजे मधला द्रव. त्याचे क्षार आणि द्रावक शुद्ध मिळाले नाहीत तर उरलेल्या दोहोंचे गुण वाया जातात.

यांतील मँगनीजचे नाव महाराष्ट्राने ध्यानात ठेवावे. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत मँगनीजच्या जुन्या खाणी आहेत आणि त्यांतील प्रमुख खाणी ‘मॉइल’ या सार्वजनिक कंपनीकडे आहेत. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटरीसाठी वापरले जाते. म्हणजे बॅटरीला धातू पुरविण्याचा धडा या राज्यातील खाणकामगारांना नवा नाही. प्रश्न आहे तो कच्च्या धातूपासून बॅटरीयोग्य पदार्थापर्यंतचे अंतर कापण्याचा.

पुण्यात घडलेले काम

हे अंतर कापण्याचे काम पुण्यात चालू आहे, ही या शहराला अभिमानाची गोष्ट आहे. १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, पाषाणचीच सी-मेट ही इलेक्ट्रॉनिक पदार्थांची संस्था आणि २००६ साली स्थापन झालेली आयसर ही विज्ञानशिक्षणसंस्था, अशा तीन सार्वजनिक संस्थांत बॅटरीच्या पदार्थांवर संशोधन झाले आहे. प्राध्यापक सतीशचंद्र ओगले यांच्यासारख्या पदार्थवैज्ञानिकाची वाटचाल पुणे विद्यापीठ, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर अशा सार्वजनिक संस्थांतूनच झाली. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसरच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन बॅटरीचे तंत्र जाहीर केले. त्यामागे सुमारे दशकभराचे काम होते. किलोमागे १०० ते १७० वॅट-तास ऊर्जा आणि तीन ते सहा हजार वेळा भरल्यानंतरही ऐंशी टक्के क्षमता शिल्लक, असे कंपनीचे म्हणणे होते. पुढच्याच महिन्यात हे तंत्र उत्पादनासाठी ट्रेंटार या खाजगी कंपनीला देण्याचा करार जाहीर झाला. मे २०२५ मध्ये बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातील शास्त्रज्ञांनी सहा मिनिटांत ऐंशी टक्के भरणारा सोडियमचा घट प्रयोगशाळेत केल्याचे प्रसिद्ध झाले.

हे सारे स्वागतार्ह आहे. खाजगी कंपनीने संशोधनात दहा वर्षे चिकाटी दाखविली असेल तर तिचे श्रेय तिला दिले पाहिजे. आपल्या उद्योगपतींमध्ये ही चिकाटी दुर्मिळच आहे. २०२०-२१ साली भारताने संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्का खर्च केला, आणि त्यातला उद्योगांचा वाटा एक-तृतीयांशाच्या थोडा पुढे होता. चीनचा खर्च त्या काळात २.४ टक्के होता. परंतु श्रेय दिल्यावरही प्रश्न उरतो. प्रयोगशाळेची इमारत, उपकरणे, प्राध्यापकांचे वेतन आणि संशोधक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती जनतेच्या करातून येते. मग जे निष्पन्न होते त्यावर जनतेचा हक्क कोणता? त्याची किंमत कोण ठरवणार? परवानाधारकाने कारखाना उभारलाच नाही, तर ते तंत्र दुसऱ्याला देता येईल काय? खाजगी सहभागाला विरोध करण्यासाठी हे प्रश्न नाहीत. ज्याने बी दिले त्याला पिकाचा हिशेब विचारता यावा, एवढाच त्यांचा अर्थ.

बाजाराने शिकविलेला धडा

बाजार स्वतःच हे काम करील, असे मानणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांचा इतिहास पाहावा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनच्या बाजारात लिथियम कार्बोनेटचा भाव टनामागे सहा लाख युआनच्या घरात गेला. त्याबरोबर जगभर सोडियमचा जयजयकार सुरू झाला. २०२४ च्या अखेरीस तोच भाव एक लाख युआनच्याही खाली आला आणि भांडवलाचा उत्साह मावळला. किलोमागे १६० वॅट-तासांचा सोडियमचा घट २०२३ साली जाहीर करणाऱ्या स्वीडनच्या नॉर्थव्होल्ट कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळे काढले. प्रशियन ब्लूवर आधारित बॅटरी बनविणाऱ्या अमेरिकेच्या नॅट्रॉन कंपनीने २०२४ साली १४० कोटी डॉलरच्या कारखान्याची घोषणा केली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपले काम बंद केले. या दोन्ही ठिकाणी पदार्थ अपयशी ठरला असे कोणी सिद्ध केले नव्हते. अपयश आले ते पैशाच्या धीराला.

याच काळात चीनमध्ये काय घडले? विज्ञान अकादमीच्या भौतिकी संस्थेतून २०१७ साली हायना ही सोडियम-बॅटरीची कंपनी निघाली. २०२४ साली दातांग या सरकारी वीजकंपनीने हुबेई प्रांतात तिच्या बॅटऱ्यांचे १०० मेगावॅट-तासांचे साठवणघर चालू केले. प्रयोगशाळा सार्वजनिक आणि पहिले मोठे गिऱ्हाईकही सार्वजनिक. म्हणून लिथियम स्वस्त झाले तरी काम थांबले नाही. चीनचे अनुकरण करा असा याचा अर्थ नाही. ज्या देशात कामगाराला स्वतंत्र संघटना काढता येत नाही, तो देश लोकशाही समाजवादाचा आदर्श होऊ शकत नाही. परंतु दीर्घ पल्ल्याचे तंत्र भावाच्या चढउतारावर सोडता येत नाही, हा धडा तेथून घ्यावाच लागेल.

आपल्याकडे २०२१ साली बॅटरी-उत्पादनासाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आली. ५० गिगावॅट-तासांचे उद्दिष्ट होते; कारखाने मात्र वेळापत्रकाच्या बरेच मागे राहिले. अनुदान दिले की तंत्र आपोआप येते, ही समजूत त्यामागे होती. तंत्र माणसांच्या हातांत आणि डोक्यात असते. ते आयात केलेल्या यंत्राबरोबर खोक्यात येत नाही.

मीठ मुबलक होते, तरी महाग होते

सोडियमची बॅटरी गरिबाची बॅटरी होईल, कारण मीठ स्वस्त आहे, असा एक भाबडा युक्तिवाद केला जातो. १९३० साली मीठ काय कमी होते? शिरोड्याच्या आणि वडाळ्याच्या मिठागरांत ते ढिगांनी पडलेले होते. तरीही ते उचलण्यासाठी सत्याग्रहींना लाठ्या खाव्या लागल्या. समुद्र सर्वांचा होता, कायदा मात्र सरकारचा होता. आजही सोडियम सर्वांचा आहे; परंतु शुद्धीकरणाची कृती, हार्ड कार्बनची भट्टी, पेटंट आणि घट जुळविणारे यंत्र हे ज्याच्या हाती असेल तोच भाव ठरवील. कच्चा माल मुबलक असला म्हणून पक्का माल सर्वांचा होत नाही.

आणि मीठ पिकवणाऱ्याचे काय? देशातील बहुतेक मीठ गुजरातेत तयार होते. कच्छच्या छोट्या रणात अगरिया कुटुंबे वर्षातील कित्येक महिने उघड्या खारट जमिनीवर राहतात. त्यांचे पाय मिठाने कडक होतात आणि व्यापाऱ्याच्या उचलीतून त्यांची सुटका होत नाही. कोकणात ‘आगरी’ या नावातच मिठागर आहे. रायगड आणि मुंबईची मिठागरे मात्र एकेक करून बुजली. उद्या सोडियमचा उद्योग फोफावला आणि अगरियाची मजुरी होती तेथेच राहिली, तर लिथियमच्या जागी सोडियम आले, काँगोच्या जागी कच्छ आले, एवढाच फरक पडेल. हाच न्याय ऊसतोड कामगाराला, मँगनीजच्या खाणीतील मजुराला आणि घट जुळविणाऱ्या तरुणीलाही लागू आहे. ध्रुवाचा लेप बनविताना वापरला जाणारा एन-मिथाइल पायरोलिडोन हा द्रावक प्रजननाला अपायकारक आहे. स्वच्छ ऊर्जेच्या कारखान्यातील हवाही स्वच्छ असली पाहिजे.

काय मागावे?

केवळ टीका करून कार्यकर्त्याचे काम संपत नाही. निश्चित मागण्या पुढे ठेवाव्या लागतील.

पहिली मागणी : पुण्यातील सार्वजनिक संस्थांच्या आधाराने एक सार्वजनिक चाचणी-कारखाना उभारावा. ग्रॅममध्ये यशस्वी ठरलेला पदार्थ टनात नापास होतो, आणि मधली ही दरी ओलांडण्याचे धाडस छोटा उद्योजक किंवा सहकारी संस्था एकट्याने करू शकत नाही. चिपाड, करवंटी, बांबू यांच्यापासून मिळणाऱ्या हार्ड कार्बनची कसून परीक्षा तेथे व्हावी आणि निष्कर्ष सर्वांना खुले असावेत. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने महत्त्वाच्या खनिजांच्या मोहिमेसाठी १६,३०० कोटी रुपये मंजूर केले. खनिज शोधण्यावर एवढा खर्च होणार असेल, तर ज्या पदार्थांना दुर्मिळ खनिजच लागत नाही त्यांच्यासाठीही वाटा मागणे गैर नाही.

दुसरी : सार्वजनिक पैशाने झालेल्या संशोधनाच्या परवान्यात मुदत, किंमत आणि देशांतर्गत उत्पादन यांच्या अटी असाव्यात, आणि ते करार जनतेला वाचता यावेत.

तिसरी : पहिले गिऱ्हाईक सरकारने व्हावे. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी राज्याने २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना चालविली आहे. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला रात्री बिबट्याच्या भीतीत पाणी धरावे लागते, त्याला दिवसाच्या विजेचे मोल सांगावे लागत नाही. अशा वाहिन्यांजवळ, प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि पाणीयोजनांवर साठवणघरे उभारून त्यांतील ठराविक हिस्सा देशी सोडियम-बॅटरीसाठी राखून ठेवावा.

चौथी : बॅटरी मोडण्याची जबाबदारी उत्पादकाची, हे तत्त्व २०२२ च्या नियमांनी मान्य केले आहे, त्याची अंमलबजावणी व्हावी, आणि भंगार वेचणाऱ्या हातांना त्या व्यवस्थेत हक्काचे, सुरक्षित काम मिळावे. पुण्यात कचरावेचकांच्या संघटनेने दाखविलेला मार्ग येथेही उपयोगी पडेल. शिशाची चूक सोडियमच्या बाबतीत पुन्हा होता कामा नये.

पाचवी मागणी या पेठेतील अभ्यासिकांशी जोडलेली आहे. तेथे लिपिकाच्या एका जागेसाठी वर्षानुवर्षे पुस्तके घोकणाऱ्यांत रसायनशास्त्राचे आणि भौतिकीचे पदवीधर थोडे नाहीत. एकीकडे देश म्हणतो की बॅटरीचे तंत्र जाणणारी माणसे नाहीत. दुसरीकडे ज्यांनी विज्ञान शिकले त्यांना विज्ञानाचे काम नाही. ही विसंगती त्या तरुणांच्या आळसातून आलेली नसून नियोजनाच्या अभावातून आली आहे. प्रयोगशाळांतील रिक्त जागा भराव्यात, तंत्रनिकेतनांतून या विषयाचे शिक्षण मराठीत द्यावे, आणि चाचणी-कारखान्यात त्यांना पगारी उमेदवारी मिळावी.

पैशापैशाने उभे राहिलेले

असे सार्वजनिक प्रयत्न महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. पारतंत्र्यात अंताजी दामोदर काळे यांनी दारोदार एकेक पैसा मागून ‘पैसाफंड’ उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. काच करण्याइतकी वाळू या देशात तेव्हाही होती. नव्हते ते कसब, भट्टी आणि भांडवल. लोकांनी ते आपल्या पैशाने मिळविले, आणि तेथे शिकलेल्या कारागिरांनी काचधंद्याचे ज्ञान पुढे नेले. आज लोकांना दारोदार पैसा मागण्याची गरज नाही. तो कराच्या रूपाने आधीच दिला गेला आहे. मागायचा आहे तो त्याचा हिशेब.

कार्यकर्त्यांनी म्हणून या विषयाची भीती बाळगू नये. आपापल्या तालुक्यातील साखर कारखान्याच्या सभासदांना चिपाडाचे काय होते ते विचारावे. रिक्षा संघटनेत बॅटरीच्या किमतीचा आणि कर्जाच्या हप्त्याचा हिशेब मांडावा. भंगारवाल्यांच्या वस्तीत जाऊन शिसे कोठे वितळते ते पाहावे. लोकप्रतिनिधींना परवान्यांच्या अटी विचारण्यास भाग पाडावे. शास्त्रज्ञ आपले काम करीत आहेत. सोडियमला धरून ठेवणारा कार्बन ते शोधून काढतील. त्या शोधाचा लाभ समाजाच्या हाती धरून ठेवणारी व्यवस्था मात्र प्रयोगशाळेत तयार होत नसते. ती संघटनेने घडवावी लागते, आणि तंत्र बाजारात पक्के होण्यापूर्वीच घडवावी लागते. नंतर उरते ती केवळ भाववाढीविरुद्धची निदर्शने.